मोहिनीच्या मापाची

१० नोव्हेंबर, रविवार

आज इस्लामपूरला गेले ती पूर्ण, परत आले ती अर्धी. आल्या आल्या दूध उतू घालवलं. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय गं तुजं?" कुठे आहे ते सांगितलं तर वेड्यात काढतील. म्हणून ही मागच्या वर्षीची कोरी डायरी काढली आणि वार खोडून लिहायला बसले. हे फौजेत आहेत, दरवर्षी मिलिटरी कॅन्टीनमधून एक पाठवतात, दरवर्षी ती रद्दीत जाते.

झालं असं. मी उंब्रजला घरी बसून गौरीच्या तयार नऊवारी शिवते. पार मसूरपर्यंत माझं नाव आहे, उगाच खोटी नम्रता कशाला. कुणीतरी माझं काम इस्लामपूरच्या प्रियदर्शनी मॅडमना दाखवलं. त्यांच्या यजमानांचे ऊस वाहतुकीचे ट्रक आहेत, मुलगा परदेशात आहे. फोनवर म्हणाल्या, बाहुल्यांना नऊवारी शिवायच्या आहेत. मला वाटलं, रुखवतात मांडतात तसल्या असतील. गेले तर भिंतभर काचेचं कपाट, आत दिवे, आणि दिव्यांखाली त्या.

"आधी हात धुऊन घ्या," मॅडम म्हणाल्या, आणि एक माझ्या हातात दिली. उभी केली तर माझ्या गुडघ्याच्या वर येणारी. तिचाही गुडघा वाकतो, मनगट वळतं, बोटं सुटी. डोळे काचेचे. एकेक पापणी हाताने रंगवलेली. हनुवटी निमुळती, मान लांब, गळ्याखालची दोन हाडं इतकी नाजूक की त्यांवरून बोट फिरवावंसं वाटतं. कोरियातून मागवतात म्हणे. किंमत मॅडमनी कोथिंबिरीची सांगावी तशी सांगितली. तेवढ्यात आमच्याकडे दुभती म्हैस येते.

लहानपणी बाहुली मिळाली नाही म्हणून आता हौस, असलं काही नाही. होती मला, पालच्या यात्रेतली, दोन्ही कुशींना प्लास्टिकचा सांधा असलेली. मला ही पाहिजे. बस्स.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तीन गिऱ्हाइकांचे ब्लाऊज तसेच पडलेत. मोबाईलवर त्या बाहुल्यांचेच व्हिडिओ बघत बसते. एक बाई आपल्या बाहुलीला थंडीची टोपी घालते, कुठे काही बोलत नाही, नुसती टोपी घालते. मी ते चारदा बघितलं.

रात्री यांचा फोन आला. यांचं पोस्टिंग सध्या आसामकडे आहे. "ओव्हरलॉक मशीन घेतलंस का?" म्हणाले. त्यासाठी मी शिलाईतले पैसे बाजूला टाकतेय. म्हटलं, बघतेय. खोटं नाही, बघतेच आहे. फक्त मशीन नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी होती. सकाळी शाई लावून घेतली आणि प्रांजलला घेऊन इस्लामपूर गाठलं. प्रांजल माझी एकुलती एक, पाचवीत आहे. गोरीपान आहे, पण अंगाने यांच्या घराण्यावर गेलीय, गोल गरगरीत. शाळेत पोरं काय काय म्हणतात ते ती मला सांगत नाही, मला पोरांकडूनच कळतं.

मॅडमना माझ्या नऊवारी पसंत पडल्या. त्यांनी एक बेत सांगितला. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. एक जोड बाहुलीला, तसाच एक लहान मुलीला. दोघींचा शेजारी शेजारी फोटो. परदेशातली मराठी माणसं त्यावर तुटून पडतील, असं त्या म्हणाल्या. मग कपाटातून एक बाहुली काढली. तिच्या करंगळीचं टोक उडालंय, म्हणून मॅडमना ती डोळ्यांसमोर नको. "फोटोचं सगळं काम नीट झालं तर ही तुम्हाला अर्ध्यात देईन," म्हणाल्या. अर्ध्यात! ओव्हरलॉकचे पैसे घातले तर जमेल. मी तिचं नावसुद्धा ठेवलं, मोहिनी.

मी पटकन म्हटलं, मुलगी तर ही आहेच. मॅडमनी प्रांजलकडे पाहिलं, हसल्या. "गोड आहे हो. पण बाहुलीशेजारी जरा बारीक चणीची लागेल. तुमच्याकडची दुसरी कुणी बघा ना."

एसटीत बसल्यावर प्रांजलने विचारलं, "मम्मी, मी जाडी हाय?"

"हायस की," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? आपल्या माणसानेच खरं सांगावं. कराड येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. रात्री तिने अर्धीच भाकरी खाल्ली. मीही आग्रह केला नाही.

४ डिसेंबर, बुधवार

गंमत आहे. पोरगी आठवडाभर कमी जेवत होती, आता पुन्हा दोन-दोन भाकऱ्या हाणते, आणि तरी दिवसागणिक बारीक होतेय! आज माप घेतलं तर कंबर चांगलीच आत. गालाची हाडं वर आलीत, हनुवटी निघालीय. वयात येण्याआधी मुली अशाच ताणल्या जातात, माझंही असंच झालं होतं म्हणून आई सांगायची. तिला उभी केली, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, उजेडात फोटो काढला. एरवी तिची वेणी आत्तीच घालतात, मला कुठला वेळ. पोरगी अशी खूश झाली की आरशापुढून हलेना.

फोटो मॅडमना पाठवला. उत्तर आलं, "अरे वा! हीच का ती?"

मी मोबाईल छातीशी धरून बसले. आत्तींना वाटलं यांचा फोन आला.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी सकाळी डोकं फिरलं. एवढी घोडी झालीय आणि अंथरूण ओलं केलं. वाकळ धुवायची म्हणजे दिवस गेला. दोन धपाटे घातले. आत्ती मध्ये पडल्या, "मारू नगं. जंत झालं असत्याल. खातीया आन् अंगाला लागत न्हाई, ते जंतच." मेडिकलमधून जंताची गोळी आणून दिली.

त्यात शाळेतल्या बाईंचा फोन. तासाला सारखी पाणी प्यायला आणि बाथरूमला जाऊ का म्हणून उठते, वर्गात पेंगते. गणिताच्या तासाला का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, सगळ्याच तासांना. मला नाही खरं वाटत. मी पण गणिताच्या तासाला असंच करायचे.

मोहिनीच्या चंद्रकळेवर आज जरीच्या टिकल्यांची पहिली ओळ पूर्ण झाली. एवढ्या बारीक कापडावर सुई चालवायची तर श्वास रोखून धरावा लागतो. पण त्या वेळात मला दुसरं काही आठवत नाही. किती बरं वाटतं.

१५ डिसेंबर, रविवार

माझा भाऊ शिवतेज चरेगावहून काकवीचा डबा घेऊन आला. माहेरी गुऱ्हाळ सुरू झालंय. त्याने प्रांजलकडे बघून भुवया चढवल्या. "ताई, पोरगी लय वाळली की."

शेजारच्या सुलाबाई बसल्या होत्या. त्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनी प्रांजलच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. "रगत कमी झालंया. ह्यो डबा आलाय न्हवं? सकाळ-संध्याकाळ वाटी वाटी काकवी द्या. पंधरा दिसांत गाल लाल हुत्याल." आत्तींनी लगेच वाटी भरली. प्रांजलने पिऊन टाकली, वर तांब्याभर पाणी. आता रोज दोनदा द्यायची असं ठरलं. घरचं, शुद्ध, कसलं औषध लागतं?

न्हाणीच्या कोपऱ्यात मुंग्यांची ही रांग लागलीय. आत्ती म्हणाल्या, "पोरीनं काकवीचं हात तितंच धुतलं असत्याल." काकवी तर आज आली आणि मुंग्या परवापासून आहेत. पण या दिवसांत उसाच्या गाड्या, गुऱ्हाळं, सगळ्या गावालाच मुंग्या असतात. हळद टाकली.

रात्री यांचा व्हिडिओ कॉल. प्रांजलला बघून म्हणाले, "रेश्मा, तिला कराडला दाखव. उद्याच जा."

"मोबाईलवर चेहरा लहान दिसतो," मी म्हटलं.

"उद्या जा म्हणतोय मी."

तिकडे बसून हुकूम सोडायला काय जातं. कराड म्हणजे नंबर लावा, रक्त द्या, संध्याकाळी रिपोर्ट, परवा पुन्हा या. दोन-तीन दिवस मोडतात. दोन्ही जोड संक्रांतीच्या आत झाले नाहीत तर मॅडम मोहिनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील. सांगलीच्या कुणीतरी बाई मागे लागल्यात, त्यांनी दोनदा बोलून दाखवलंय. संक्रांत झाली की जाते. पोरगी चालती-बोलती आहे, काही अंथरुणाला खिळली नाही.

यांना म्हटलं, हो, जाते.

२३ डिसेंबर, सोमवार

काल मॅडमकडे कच्च्या टाक्यांवर घालून बघायला गेलो. प्रांजलला मोहिनीशेजारी उभं केलं आणि मॅडमच्या तोंडून निघालं, "अगंबाई! बहिणी वाटतात." गळ्याखालची तीच दोन हाडं. तशीच मान. मला भरून आलं. माझ्या पोटची पोर आणि त्या कपाटातली बाहुली एका फळीवर शोभतात, हे मॅडमनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. प्रांजल माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. आम्ही दोघी अशा कधी हसलो होतो आठवत नाही.

निघताना मॅडम जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "जेवते ना व्यवस्थित? जरा जास्तच वाळल्यासारखी वाटते. दाखवलंत का कुणाला?" महिन्यापूर्वी हीच बाई जाडी म्हणाली होती! श्रीमंतांना कसंही पटत नाही. मी म्हटलं, दाखवलंय, रक्त कमी आहे, औषध चालू आहे.

येताना एसटीत तमाशा. प्रांजलने पेठ नाक्यापर्यंत बाटली रिकामी केली आणि महामार्गाला लागलो तशी चुळबुळ सुरू. कंडक्टरला विनवून गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला, "आवं ताई, ही एस्टी हाय का बैलगाडी?" सगळी गाडी बघत होती. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. चिमटीत नुसती कातडी आली.

३० डिसेंबर, सोमवार

आज कळलं, प्रांजलला दोन दिवस उलट्या होतायत. मला माहीतच नाही. आत्तींना तिने शपथ घातली होती. "आज्जी, मम्मीला सांगू नगो, न्हाईतर फोटू ऱ्हाईल." आत्तींनी अखेर आज सांगितलं. मी तिला जवळ घेतलं. पोरीलाही माझ्याएवढीच हौस आहे, मला वाटायचं ती आत्तींचीच आहे. पित्त असेल. लिंबू-साखरेचं सरबत करून दिलं, गटागटा प्याली.

तिचा ब्लाऊज आज तिसऱ्यांदा टीप घालून आत घेतला. आता मला तिचं माप घ्यावंसुद्धा लागत नाही. मोहिनीच्या मापाच्या तिप्पट धरलं की बरोबर बसतं.

४ जानेवारी, शनिवार

कराडहून हलवा आणला, चंदेरी दोऱ्यात ओवायला बसलोय. हार, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. एक तिप्पट मोठा, एक इवलासा. प्रांजल शेजारी पडून बघते, मधूनच एखादा दाणा तोंडात टाकते. तिला आता फार वेळ बसवत नाही. पाय वळतात म्हणते. शाळा बुडतेय, पण आता राहिलं किती, चार दिवस.

तिने आज विचारलं, "मोहिनी आपल्याकडं आल्यावर तू रोज तिला कापडं बदलणार?"

"रोज न्हाई गं, सणासुदीला."

"आन् मला?"

"तुला पण," मी म्हटलं. डोळे मिटून हसली. गुणाची आहे पोर, उगाच मी ओरडते.

८ जानेवारी, बुधवार

मोहिनी घरात आहे. या क्षणी, माझ्या शिवणाच्या टेबलावर. लिहिताना सारखी मान वळवून बघतेय.

सकाळी प्रांजलला उठवेना. उलटी झाली, पोट दुखतं म्हणाली. आत्ती म्हणाल्या, "नगं नेऊ आज." मी म्हटलं, आजच तर आहे. गूळ-पाणी दिलं, वर वाटीभर काकवी, ताकद यावी म्हणून. भाऊसो म्हणजे सुलाबाईंचे मालक, त्यांची जीप पेठला चालली होती, त्यांनीच इस्लामपूरपर्यंत सोडलं. वाटेत तिचा श्वास लागल्यासारखा झाला होता, पळून आल्यावर होतो तसा. आणि तोंडाला वास. भाऊसो म्हणाले, "सेंट मारलाय काय पोरीला?" पिकून उतरलेल्या पेरूसारखा गोड वास. हलवा खाते सारखा, त्याचा असेल.

पण फोटो! ते कसे सांगू? काळी चंद्रकळा, वरती पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने, आणि तो चेहरा. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले, ओठ कोरडे म्हणून मॅडमनी ग्लॉस लावला. मुलं हलतात, फोटो काढणाऱ्यांना वैताग येतो. प्रांजल अजिबात हलली नाही. बस म्हटलं की बसली, मान इकडे म्हटलं की इकडे. फोटोवाला म्हणाला, "अशी मॉडेल बघितली नाही." एकदा ती मोहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपूनच गेली, तोच फोटो सगळ्यांत सुंदर आलाय. मॅडम म्हणाल्या, "रेश्मा, हिला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. मी गाडी देते, इथेच आहेत ओळखीचे."

मी म्हटलं, उद्या कराडला नंबर लावलाय. लावला नव्हता. पण तिथे जाऊन बसायचं, मोहिनीला खोक्यात घालून कोपऱ्यात ठेवायचं, कुणी हात लावला, पडली तर? मला तिला घेऊन नीट घरी जायचं होतं. एवढंच. पैसे मोजून दिले, मोहिनी घेतली.

येताना मोहिनी मांडीवर, प्रांजलचं डोकं खिडकीला. एसटीत कुणी काही विचारलं नाही. आज मी फार फार आनंदात आहे. प्रांजल झोपलीय, उद्या तिला सगळं दाखवीन. उद्या कराडलाही जाऊ.

१२ जानेवारी, रविवार

कराड. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. आत सोडत नाहीत.

गुरुवारी सकाळी प्रांजल उठलीच नाही. हाक मारली की डोळे अर्धे उघडायची, ओळख नाही. श्वास खोल खोल, छाती वर-खाली. सुलाबाई धावत आल्या, म्हणाल्या, "अशक्तपणानं ग्लानी आलीया, उसाचा रस पाजा." भाऊसो चौकातून रस घेऊन आले. चमच्याने पाजला, गालातून खाली आला. मग भाऊसोंनीच तिला उचललं आणि जीपमध्ये घातलं.

डॉक्टरांनी जवळ वाकून तिच्या श्वासाचा वास घेतला आणि उभ्या उभ्या आरडाओरडा सुरू केला, सिस्टरना पळवलं. बोटाला टोचून मशीन लावलं, मशीनला आकडा मावेना. साखर आहे म्हणाले.

"साखर?" मी म्हटलं. "आमच्यात सासऱ्यांना होती. सत्तरीत. ही दहा वर्षांची आहे."

"मुलांना होते ती वेगळी. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तात साखर साठते, लघवीवाटे जाते, सारखी तहान लागते. मुलं झपाट्याने वाळतात. तुमच्या लक्षात नाही आलं? अंथरूण ओलं करत होती? लघवीच्या जागी मुंग्या?"

प्रत्येक प्रश्नाला हो होतं. मी म्हटलं, "आमच्याकडे ऊस आहे, मुंग्या असतातच." त्यांनी विचारलं, शेवटचं काय दिलंत? मी सगळं सांगितलं. काकवी, रोज दोनदा. सरबत. हलवा. गूळ-पाणी. उसाचा रस. लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. म्हणाले, "बरं, तुम्ही बाहेर बसा."

दोन दिवस ती जगेल का हे कुणी सांगेना. काल संध्याकाळी डोळे उघडले. देवा, उघडले. मी इथेच खाली बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

हे आले. तीन दिवसांचा प्रवास करून, वर्दीवरच. प्रांजलच्या पायांना हात लावून बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्याच जा म्हटलं होतं." मला वाटलं ओरडतील. त्यापेक्षा ओरडायला हवं होतं.

दुपारी आत्ती डबा घेऊन आल्या. मला जिन्यात ओढून म्हणाल्या, "रडू नगंस. तुजी चूक न्हाई. त्या भावलीनंच पोरीला शोषलं. बग की, पोर जशी वाळत गेली तशी ती भावली जिती दिसाया लागली. सुलाबाय बी तेच म्हणतीया." सकाळी दोघींनी मोहिनीला हळद-कुंकू लावलं, लिंबू ओवाळलं आणि तारळी-कृष्णेच्या संगमात सोडून आल्या. लगेच बुडाली म्हणे, जड होती.

मला मोहिनीचं वाईट वाटलं. आत माझी पोर सलाईनच्या नळ्यांत पडलीय आणि मला बाहुलीचं वाईट वाटलं. थंड पाण्यात तोंड खाली करून. कुणाला सांगण्यासारखं नाही. आणि त्यानंतर आत्ती म्हणतात ते खरं असावं असंही वाटलं. मोहिनीनेच केलं असेल. तसं असेल तर किती बरं होईल.

मॅडमनी फोटो टाकलाय, तो खांद्यावर डोकं टेकलेला. खाली जगभरातून शुभेच्छा. "किती गोड", "खरी कुठली आणि बाहुली कुठली, ओळखू येत नाही". मी मॅडमना फोन करून काढायला सांगितला. काय झालं म्हणाल्या. सांगितलं. फोनवर रडल्या त्या. मी नाही रडले.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रांजलला साध्या वॉर्डात आणलं. उठून बसते, आवाज बारीक झालाय. आयुष्यभर सुई घ्यावी लागणार, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी. डॉक्टर सकाळी तिच्या गालाला हात लावून म्हणाले, "आता बघ, महिन्या-दोन महिन्यांत अंग भरेल. परत पहिल्यासारखी गुटगुटीत होशील." प्रांजलने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी सिस्टर मला सुई द्यायला शिकवायला आल्या. घरी मलाच द्यायची आहे. प्रांजलने फ्रॉक दोन्ही मुठींत घट्ट धरून पोट झाकून घेतलं.

"दुखत नाही बाळा, मुंगी चावल्यासारखं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"दुखू दे. मला नगो."

हे पलंगाच्या पलीकडे होते. "का गं बाळा?"

तिने माझ्याकडे बघितलं. "सुई घेतली की मी जाडी हुणार. मग मम्मी माझी वेणी घालायची न्हाई."

हे खिडकीकडे गेले. मी म्हटलं, "घालीन की गं सोन्या. रोज घालीन. लय जाडी झालीस तरी घालीन."

"तवा घालत न्हवतीस," ती म्हणाली. रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितलं.

मी तिच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या. तिने सोडवू दिल्या. मी रडत होते आणि ती माझा हात बघत होती. सिस्टरनी सुई भरून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, दुसऱ्या हाताने पोटाची घडी चिमटीत धरा. मी धरली.

"नुसती कातडी नको. खालची थोडी चरबी पण येऊ द्या."

मी बेंबीच्या या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं, कमरेकडे सरकले. तिथे हाड लागलं.

"मिळेल, घाई करू नका," सिस्टर म्हणाल्या.

मी चिमूट सोडली आणि पुन्हा शोधायला लागले.